दखल घ्यायची राहिली

अप्पा, तुमच्या दुकानाला तुमच्या मुलानं, मन्मथनं, अजून कुलूप लावलेलं नाही. शटर अर्ध्यावर असतं. काल मोंढ्यात गेलो, सवयीनं वाकून आत डोकावलं आणि "आहात का?" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारचा हमाल म्हणाला, "सर, अप्पा न्हाईत ना आता." मला माहीत होतं. बारा दिवसांपूर्वी मीच तर तुमच्यावर मातीची मूठ टाकून आलो. तरी मला त्या हमालाचा राग आला. दुसऱ्यांच्या चुका काढून मी आयुष्यभर पोट भरलं, त्यामुळे माझी चूक कोणी काढली की मला राग येतो. तुम्हाला हे नव्यानं सांगायला नको.

राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आणि मोंढ्याच्या धान्यबाजारात जुनी पोती विकणारा दुकानदार यांचं एवढं काय जमतं, असं आमच्या घरात बऱ्याचदा विचारलं जायचं. मी सांगायचो, वाद जमतो. खरं तर त्याची सुरुवात माझ्या फजितीनं झाली. वाचनालयात माझं व्याख्यान होतं, विषय परराष्ट्र धोरण आणि लोकशाही. पंचवीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी पंख्यासाठी आलेली. शेवटी 'काही शंका' असं मी उपचार म्हणून विचारलं आणि मागच्या रांगेतून तुम्ही उठलात. पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पिशवी.

"सर, आपल्या देशातली मतदानाची शाई भाईरच्या देशात बी जाते म्हणं. मंग तिथं लोकायनी मत टाकलं, बोटाला शाई लावली, आन् लष्करानं ती निवडणूकच मोडून टाकली, तर शाई देणाऱ्यानं काई बोलावं का न्हाई?"

मी वीस मिनिटं उत्तर दिलं. सार्वभौमत्व झालं, राष्ट्रहित झालं, शीतयुद्धापर्यंत जाऊन आलो. तुम्ही सगळं उभ्यानं ऐकलंत आणि म्हणालात, "लय ऐकलं सर. बोलावं का न्हाई, तेवढं राहिलं." लोक हसले. माझे कान तापले. बाहेर आलो तर तुम्ही चपला घालून थांबला होतात, मला चहा पाजायला. "वाईट नका वाटून घेऊ," म्हणालात, "मोंढ्यात या कधी. बारदान्याचं दुकान हाय माझं." मी येईन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी आलो, कारण मला एक चांगलं उत्तर सुचलं होतं.

मग आठ-नऊ वर्षं येतच राहिलो. दुपारी सौदे उरकले की मोंढा जरा सैल पडतो. डाळ मिलची रिकामी पोती तुमच्याकडे यायची, तुम्ही ती झटकून, फाटकी वेगळी काढून, सुतळीनं गठ्ठे बांधायचात. त्यांत ब्रह्मदेशाच्या तुरीची पोती असायची. तुम्ही ब्रह्मदेशच म्हणायचात, मी दर वेळी म्यानमार म्हणून दुरुस्त करायचो, आणि तुम्ही मान डोलवून पुन्हा ब्रह्मदेश म्हणायचात. त्या पोत्यांवर हिरव्या शाईत गोल गोल अक्षरं, छोट्या छोट्या जिलब्या मांडाव्यात तशी. त्यातलं एक पोतं तुम्ही कधी विकलं नाहीत. चौघडी घालून ते स्टुलावर टाकायचात आणि म्हणायचात, "बसा, तुमचं आसन." एकदा त्यावर हात फिरवत तुम्ही विचारलंत, "हे ज्यानं भरलं असंल, त्याच्या बोटाला कधी शाई लागली असंल का हो सर?" त्या अक्षरांचा अर्थ कोणाकडून तरी लावून आणतो असं मी तुम्हाला वचन दिलं होतं. ते राहिलंच.

आपला वाद एका शब्दावर येऊन अडायचा. मी म्हणायचो, दुसऱ्या देशाच्या अंतर्गत बाबीत दखल द्यायची नसते. तुम्ही म्हणायचात, "दखल द्या कोण म्हणायलंय? दखल घ्या म्हणायलोय मी." शब्द एकच, निजामाच्या कचेरीतून आपल्याकडे राहून गेलेला. पुढं 'देणं' लावलं की दांडगाई होते आणि 'घेणं' लावलं की नुसती नोंद होते, आम्ही पाहिलं एवढंच. मी चाळीस वर्षं हा विषय शिकवला, पण हा फरक फळ्यावर कधी लिहिला नव्हता. तुम्हाला मात्र त्याचं श्रेय दिलं नाही. उलट म्हणालो, "अप्पा, हा शब्दांचा खेळ झाला."

माझे मुद्दे काही पोकळ नव्हते, हे तुम्हीही मानायचात. आपली सीमा म्यानमारशी लांबलचक, अलीकडं-पलीकडं एकाच कुळातली माणसं. आपण तोंड फिरवलं तर दुसरा बलाढ्य शेजारी तिथं जाऊन बसणार. शिवाय लोकशाही आणून देतो म्हणत ज्यांनी दूरदूरच्या देशांत विमानं पाठवली, त्यांनी मागं काय ठेवलं ते जगानं पाहिलं. तुम्ही म्हणायचात, "बाँब टाकून मतपेटी पोचवणारे मला बी नकोत." मग सुतळी दातानं तोडत, "पण आपण भाषणात सांगतो, आमी लोकशाहीची आई. मंग लेकरू रडलं तर आई म्हणती का, ती शेजाऱ्याची अंतर्गत बाब हाय?" मी हसायचो. उत्तर द्यायचं टाळायला हसणं फार उपयोगी पडतं.

एका सतरा सप्टेंबरला मी मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून सरळ तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही माझ्या खिशावरच्या झेंड्याकडे बघितलंत. "सर, हैदराबादची ती अंतर्गत बाब हाय, असं दिल्लीनं म्हणलं असतं तर आज तुमी झेंडा लावला असता का?" मी कायदा काढला, करार काढला, भूगोल काढला. ते वेगळं होतं, म्हणालो. आणि जरा चिडून हेही म्हणालो, की त्या पोलीस कारवाईत आणि तिच्या मागोमाग किती निरपराध माणसं मेली तेही आठवा. तुमचा चेहरा उतरला. तुमच्या आजोबांनी आपल्या मुसलमान शेजाऱ्याला कडब्याच्या गंजीमागं लपवलं होतं, ते तुम्ही तेव्हा मला पहिल्यांदा सांगितलंत. "म्हणून तर फौज नको म्हणायलोय," तुम्ही म्हणालात. "तोंड पायजे. वेळेला एक शब्द पायजे. फौज उशिरा येती आन् लय माणसं घेऊन जाती." त्या दिवशी तुमचं बरोबर होतं, अप्पा. घरी जाताना मला ते कळलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी मी दुसराच विषय काढला.

आता मी तुम्हाला चारचौघांत बोललो ते वाक्य. ते लिहायचं म्हणून गेले दोन दिवस मी कागद घेऊन बसतोय. म्यानमारमध्ये सेनापतींनी निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं होतं, आणि आपल्याकडे त्यांची तूर येतच होती. तुम्ही पेटला होतात. "तूर घ्या, मी नको म्हणत न्हाई, पण घेताना एकदा तोंडानं म्हणा, हे बरं न्हाई केलं." तुमच्या शेतातली तूर त्याच आठवड्यात मोंढ्यात आली होती आणि भाव पडलेला होता. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. आणि मी म्हणालो, "अप्पा, तुमच्या लोकशाहीला तुरीचा वास येतो."

गिऱ्हाईकं हसली. तुम्हीही हसलात. गिऱ्हाईकं गेल्यावर म्हणालात, "तिकडची तूर बंद झाली तर माझी तूर वर जाईल, बराबर. पण ह्या दुकानातला निम्मा बारदाना तिकडचा हाय, सर. तो बी बंद होईल." एवढंच. पोत्यांच्या ढिगावर बसून मी इतकी वर्षं वाद घातला आणि ती पोती मला दिसली नव्हती. तेव्हाच 'चुकलो' म्हणायला काय हरकत होती? मी घड्याळ बघितलं आणि उठलो.

पण तुमचं मन मोडलं ते या वाक्यानं नाही. ते त्यानंतर दोन वर्षांनी मोडलं, आणि तेही मी अगदी सभ्यपणे मोडलं.

तुम्ही माझ्या घरी फक्त एकदा आलात. सकाळी साडेआठला, धुतलेलं धोतर, पण टोपी हातात. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. परभणीहून पेडगावच्या पुढं उतरून आत जायचं ते तुमचं गाव, मी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बायकांसाठी राखीव असलेल्या जागेवर राजश्रीनं अर्ज भरला होता. तुमची सून बारावी शिकलेली, तुमच्याहून तिखट. तिनं तुम्हाला विचारलंही नव्हतं, अर्ज भरून येऊन सांगितलं होतं, आणि त्याचा तुम्हाला कोण अभिमान. पण गावातल्या पुढाऱ्यांनी निवडणूक बिनविरोध करायचं ठरवलं होतं. त्यांच्या यादीत राजश्री नव्हती. दुसऱ्या दिवशी, अर्ज मागं घेण्याच्या मुदतीला, सकाळी महादेवाच्या मंडपात बैठक, तिथं सगळ्यांसमोर तिला माघार घ्यायला सांगणार.

"मी भांडा म्हणायला आलो न्हाई," तुम्ही म्हणालात. "बोलू बी नका. तुमी नुसतं येऊन बसा. भाईरचा शिकलेला माणूस बघायलाय म्हणलं की लोक जरा अदबीनं वागतेत. तीन वाजेपर्यंत मुदत हाय. तीन वाजेपर्यंत बसा."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अप्पा, ही तुमच्या गावची अंतर्गत बाब आहे. मी तिथं कोण?"

पुढंही बोललो. बाहेरच्या माणसानं पाऊल टाकलं की गावातली तेढ वाढते, उद्या मी निघून येईन आणि तुम्हाला तिथंच राहायचंय, बिनविरोध हीसुद्धा सहमतीचीच एक रीत आहे. चांगलं बोललो. वर्गात बोलायचो त्याहून चांगलं. तुम्ही चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात, कप बशीत पालथा घातलात आणि म्हणालात, "खरं हाय सर. तुमी ब्रह्मदेशाला एक आन् मला एक, असं करत न्हाईत. तुमचं धोरण एकच हाय." मला ती स्तुती वाटली, अप्पा. जिना उतरून तुम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मला ती स्तुतीच वाटत होती.

जे तुम्हाला सांगितलं नाही ते आता सांगतो. तुमच्या गावच्या यादीत ज्यांचं नाव वर होतं, ते माझा जावई ज्या संस्थेत शिकवतो तिथले संचालक. त्याची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. तुम्ही 'नुसतं बसा' म्हणालात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं मंडप आला नाही, जावयाचा चेहरा आला. सार्वभौमत्व वगैरे सगळं त्याच्यानंतर आलं. तुमच्या लोकशाहीचा वास मी चारचौघांत काढला होता. माझ्या धोरणाचा वास तुम्हाला आला असेल का? आला असेल, असं मला आता वाटतं. तुमची नजर पोत्याच्या शिवणीतला एक खडा सोडत नव्हती.

राजश्रीनं अर्ज मागं घेतला. ते मला वर्तमानपत्रातून कळलं. गावाच्या एकीचं कौतुक छापून आलं होतं, हार घातलेला फोटो होता.

मी घाबरत घाबरत दुकानात आलो. तुम्ही स्टुलावर पोतं टाकलंत, "बसा" म्हणालात, चहा सांगितलात. तसूभर फरक नाही. फक्त वाद संपला. तुम्ही गुडघ्याबद्दल बोलायचात, मन्मथच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलायचात, उन्हाबद्दल बोलायचात. दोन देशांचे संबंध बिघडले की वकिलाती चालू राहतात, सणाला शुभेच्छा जातात, आणि बोलण्यासारखं काही उरत नाही, हे मी मुलांना शिकवायचो. ते कसं असतं ते तुमच्या दुकानात शिकलो.

एकदा मी मुद्दाम वर्तमानपत्र घेऊन आलो. म्यानमारच्या त्या सेनापतींनी स्वतःच निवडणूक घ्यायला काढली होती, ज्यांना लोकांनी आधी निवडून दिलं होतं त्यांना बाहेर ठेवून. मी ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला तुम्ही पेटायला हवे होतात. खरं सांगू का, यावेळी मी हरायचं ठरवून आलो होतो. 'बोलायलाच पाहिजे' असं तुमच्या तोंडून आलं की मी 'होय' म्हणणार होतो, आणि मग बहुतेक पुढचंही बोलणार होतो. तुम्ही गाठ आवळत होतात. मान वर न करता म्हणालात, "ते त्यांचं त्यांना."

माझंच वाक्य तुम्ही मला परत दिलंत. मी पेपरची घडी घातली.

तुम्ही गेलात ते कोणाला काही कळायच्या आत, भर दुपारी, गठ्ठ्याला टेकून. मन्मथचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो स्वतःचाच, आता ते बोलायचं राहिलं. तुमच्या गावी मी पहिल्यांदा आलो तो तुम्हाला पोचवायला. तुम्हा लिंगायतांत माणसाला पुरताना बसवून ठेवतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. तुम्हाला धुऊन, भस्म लावून, मांडी घालून खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलं. जंगमांनी बेलाचं पान वाहिलं. काठावर सगळे उभे होते, आणि खाली तुम्ही बसलेले, कोणाची तरी वाट बघत बसावं तसे. माझ्या मुठीतली माती किती तरी वेळ सुटेना.

नंतर घराच्या ओट्यावर राजश्री पाणी घेऊन आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "अप्पांचे माझ्यावर फार उपकार आहेत." ती म्हणाली, "त्या दिशी अप्पायनी तुमची जागा धरून ठेवली होती, सर."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. माघारीच्या दिवशी तुम्ही दुकानातलं ते पोतं काखेत मारून गावी आलात. मंडपात आपल्या शेजारी ते अंथरलंत. पुढारी आले, पाव्हणे आले, मंडप भरला, माणसं दाटीवाटीनं बसली. त्या पोत्यावर कोणी टेकायला आलं की तुम्ही हात आडवा घालायचात. "सर यायलेत," म्हणायचात. लोक कुजबुजायला लागले, कोण सर, कुठले सर. पहिल्या घटकेला त्यांचा आवाजसुद्धा जरा खाली होता म्हणे. दुपार चढत गेली तसा तो वाढला. राजश्रीनं सांगितलं, "दोन वाजता मी म्हणलं, अप्पा, ते येत न्हाईत. तर म्हणले, येतील. ते जे बोललेत, तसं माणूस पुस्तकातून बोलतो. येळेला येतील." पावणेतीनला तिनं माघारीच्या कागदावर सही केली. तुम्ही पोतं झटकलंत, घडी घातलीत आणि परत दुकानात आणून स्टुलावर टाकलंत.

आणि दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्यावर येऊन बसलो, चहा प्यायलो, गुडघ्याचं विचारलं. तुम्ही मला काही म्हणाला नाहीत. अप्पा, एकदा शिवी हासडायची होती. एवढी अदब मला सोसत नाही.

मी माझं तत्त्व सांगितलं होतं, तुम्ही ते ऐकून घेतलं होतं, आणि तरी माझी जागा धरली होती. माझ्या धोरणापेक्षा मी बरा माणूस असेन, असा तुमचा हिशेब होता. तो चुकला. देश मोठे असतात, त्यांना कारणं असतात, सीमा असतात, फौजा असतात. त्यांनी कधी बोलावं आणि कधी गप्प राहावं, याचं उत्तर मला आजही एका वाक्यात देता येणार नाही. पण मला कुठली सीमा होती? परभणीपासून तुमचं गाव, एस. टी. नं पाऊण तास.

निघताना राजश्री फाटकापर्यंत आली. पुढची निवडणूक आता फार लांब नाही. "ह्या बारीला मी मागं घेणार न्हाई," ती म्हणाली. "बैठक बसंलच मंडपात. बसू द्या." मी थांबलो. ती 'तुमी या' म्हणेल असं मला वाटलं. ती तसं काही म्हणाली नाही. "गाडी भेटेल ना सर?" एवढं विचारून आत गेली.

जावई अजून तिथंच आहे, अप्पा. नोकरी कायम झाली, पण मुख्याध्यापकाची जागा पुढच्या वर्षी रिकामी होतेय, तीही त्याच संचालकांच्या हातातली, आणि मुलगी परवाच मला त्याबद्दल काहीतरी सांगत होती. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हे लिहीपर्यंत तिला मी काही बोललेलो नाही.

काल शटरखालून आत गेलो ते त्या पोत्यासाठी. स्टुलावर पोतं तसंच होतं. मन्मथला म्हणालो, हे मी नेतो. तो म्हणाला, "न्या की, तुमचंच आसन हाय." मी नाही म्हणालो नाही. आता ते इथं माझ्या टेबलाच्या बाजूला घडी घालून ठेवलंय, आणि खोलीत तुरीचा वास येतोय. बैठकीच्या दिवशी सकाळची पहिली एस. टी. पकडायचीय. यावेळी माझी जागा धरायला तिथं कोणी नसेल, म्हणून बसायला पोतं मलाच न्यावं लागणार आहे.